मी नावेला हात लावला

सुरुवात तक्रारीपासून करायला हवी, कारण ती मी केली होती आणि तिच्याखाली माझं नाव नव्हतं.

जपानमध्ये, ग्योतोकुला आम्ही ज्या इमारतीत राहतो तिथे चौथ्या मजल्यावर आमचं घर आहे. आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करतो. त्या हिवाळ्यात रोज सकाळी बरोबर अकराला आमच्या छतावर कुणीतरी तुरुतुरु पळायला लागलं. पळणं म्हणावं तर पावलं फारच लहान, चालणं म्हणावं तर फारच भराभर. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मग वळून परत. मधेच सगळं थांबायचं आणि मग धप्. अकराला माझी मीटिंग असते. ग्राहक कंपनीतल्या एका वरिष्ठांनी एकदा अतिशय नम्रपणे विचारलं, की आपल्या घरी काही पाळलेलं आहे का.

वर जावं, दार वाजवावं, हसून बोलावं, हा सरळ मार्ग होता. पण इथे चौदा वर्षं राहून मला दुसराच मार्ग अंगवळणी पडला आहे. ज्याच्याशी बोलायचं त्याला सोडून तिसऱ्याशी बोलायचं. इमारतीच्या कार्यालयात एक फॉर्म असतो. तो मी भरला आणि ‘तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवावे’ या चौकटीत खूण केली. दोन दिवसांनी लिफ्टमध्ये कागद लागला. त्यावर दोन पावलांचं गोंडस चित्र होतं आणि पावलांच्या आवाजाबद्दल काळजी घेण्याची विनंती होती. छत शांत झालं.

“तूच केलीस ना तक्रार?” बायकोने विचारलं.

“नाही.”

“मग लिफ्टमध्ये तो कागद दिसला की खाली मान का घालतोस?”

मी मुळात खाली मान घालणाराच माणूस आहे. माझ्या हातून काहीतरी चुकलं आहे, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. जपानमध्ये हा स्वभाव खपून जातो, कारण इथे सगळेच दिवसातून वीस वेळा माफी मागतात. फरक एवढाच, की ते मागून मोकळे होतात.

पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक चिनी सहकारी माझ्या समोर येऊन बसली. ती दुसऱ्या विभागात आहे आणि आमच्याच इमारतीत राहते. लिफ्टमध्ये भेट व्हायची, पण कितव्या मजल्यावर राहते ते मी कधी विचारलं नव्हतं. आमचं बोलणं जपानीतून चालतं. दोघांचंही जपानी ऑफिसपुरतं, त्यामुळे घरगुती गोष्टीसुद्धा आम्ही अहवाल द्यावा तशा बोलतो.

“तुम्ही फोटो काढता ना?” तिने विचारलं. “नवीन वर्षाला इमारतीत भात कुटून मोची केली होती, त्याचे फोटो तुम्हीच काढले होते. माझ्या आईचा एक फोटो हवा आहे. ती नाव चालवते.”

“नदीत?”

“नाही. घरात.” मग तिने सुस्कारा सोडला. “सध्या घरातही नाही. नोटीस लागली आहे. बिचारी आता गादीवर, लोकरीचे मोजे घालून सराव करते.”

माझ्या तोंडात भात होता. तो गिळायच्या आत मी हो म्हणालो होतो.

शनिवारी मी पाचव्या मजल्यावर गेलो. आजी सत्तरीला टेकलेल्या, बुटक्या, ताठ, आणि पायांत ते लोकरीचे मोजे. मुलीच्या मुलीला सांभाळायला त्या चीनच्या उत्तरेकडच्या एका खेड्यातून आल्या होत्या. नात सात वर्षांची होईपर्यंतच त्यांना इथे राहायची मुभा होती आणि ती मार्चमध्ये संपत होती. जपानी शब्द त्यांना मोजून दहा येत. माझं नाव त्यांनी विचारलंच नाही. मला बघून म्हणाल्या, “इंदो-सान,” म्हणजे भारतवाले साहेब, आणि तेच कायम झालं. मी त्यांना आजी म्हणू लागलो. त्याचा अर्थ त्यांनी विचारला नाही, पण स्वरावरून पसंत पडला असावा.

त्यांनी फोनवर एक भिंत दाखवली. त्यांच्या गावात चिनी नववर्षानंतर पंधराव्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेला, जत्रा भरते. त्यात कोरडी नाव निघते. नाव म्हणजे बांबूचा सांगाडा आणि त्यावर कापड. मधोमध बाई उभी राहते, नाव तिच्या खांद्यांवरून पट्ट्याने लटकते आणि कापडाची झालर जमिनीला टेकते. नावेच्या वरच्या बाजूला मांडी घातलेले दोन खोटे पाय ठेवतात. त्यामुळे बाई नावेत बसली आहे असं दिसतं. प्रत्यक्षात ती खाली इवल्या इवल्या पावलांनी पळत असते आणि नाव पाण्यावरून सरकल्यासारखी सरकते. पुढे वल्हं घेऊन एक नावाडी नाचतो. ही नाव आजींनी तीस वर्षं चालवली होती. भिंतीवर नावेच्या मंडळाने दर वर्षीचा एक फोटो चौकटीत लावला होता, आणि प्रत्येक फोटोत नाव उजवीकडे कललेली होती.

“अशी तिरकी का?” मी विचारलं.

“रुतली आहे,” सहकारी म्हणाली. “मध्येच नाव वाळूत रुतते. खरा खेळ तोच. नावाडी रडतो, वल्हं आपटतो, देवाला हाका मारतो. पण त्याने नावेला हात लावायचा नाही. बाईने नुसत्या कमरेच्या झोक्यावर नाव बाहेर काढायची.”

आजींनी मधेच काहीतरी ठणकावून सांगितलं.

“आई म्हणते, जिची नाव दुसऱ्याला ओढावी लागली तिने नाव खाली ठेवावी.”

मग मूळ अडचण कळली. जत्रा भरली आणि बाईने नाव चालवली नाही, अशी तीन वर्षं झाली की नाव दुसरीकडे जाते. आधीची दोन वर्षं आजींनी इथे नातीला शाळेत पोचवण्यात घालवली होती आणि गावात त्यांच्या चुलत जावेच्या सुनेने नाव उचलली होती. हे तिसरं वर्ष होतं. मंडळाचे प्रमुख म्हणजे आजींचे दूरचे दीर. त्यांनी कळवलं होतं, की तिकडे जपानमध्ये चालव, आम्ही ते धरू. पण पंधराव्या दिवशीच चालवायची, आणि भिंतीवर लावता येईल असा फोटो पाठवायचा. रुतलेल्या नावेचाच. झालर जमिनीला टेकलेली हवी, पाय दिसता कामा नयेत.

“आई परत जाणार ती त्या नावेसाठीच,” सहकारी हळूच म्हणाली. “नाहीतर तिथे ती काय करणार? सुनेची नाव बघत बसणार?”

मी आजींना वाकून सांगितलं की फोटो मिळेल. कंबर नव्वद अंशांत वाकवून. मला नोटिशीतली ती दोन गोंडस पावलं दिसत होती.

नाव बांधायला दोन आठवडे लागले. बांबूऐवजी होम सेंटरमधून टोमॅटोच्या वेलींना लावतात त्या काठ्या आणल्या. खोटे पाय आजींनी स्वतःच्या जुन्या पायजम्यात वर्तमानपत्रं कोंबून केले. ते इतके हुबेहूब झाले, की सोफ्यावर ठेवलेले बघून जावई दचकले. जावई त्सुकुबाला एका संशोधन संस्थेत मातीचा अभ्यास करतात आणि फक्त शनिवार-रविवार घरी येतात. त्यांना नावाडी केलं होतं. गाडीत बसून रडण्याचा सराव करत येतो, असं ते म्हणाले.

झालरीसाठी निळं कापड हवं होतं. मी घरी सांगितलं तेव्हा बायकोने कपाट उघडलं आणि निळी इरकल साडी काढून दिली.

“अगं, ही कशाला?”

“इथे आल्यापासून एकदाच नेसले, दिवाळीच्या कार्यक्रमात. तेव्हा हॉलमध्ये इतका एसी होता की वर जॅकेट घालून बसले. जाऊ दे तिला. पाणी होईल.”

साडी कापायची नाही एवढीच तिची अट होती. आजींनी ती नुसत्या टाक्यांनी काठीला शिवली. लाल काठ खाली आला. पाण्याला लाल काठ असतो का, यावर मायलेकींचं थोडं वाजलं. सूर्य मावळताना असतो, असं आजींनी ठरवलं.

पंधरावा दिवस त्या वर्षी शनिवारी आला. बायकोने कॅलेंडर बघितलं आणि म्हणाली, “आपली माघी पौर्णिमा.” नदीकाठच्या मैदानावर परिसरातली चिनी कुटुंबं जमली होती. ढोलाला परवानगी दुपारी दोन ते तीन एवढीच होती, त्यामुळे पावणेदोनपासून ढोलवाले काठ्या हातात धरून घड्याळाकडे बघत उभे होते. मी, बायको आणि आमची तेरा वर्षांची मुलगी असे तिघं गेलो होतो. मुलगी आमच्यापासून दहा पावलं लांब उभी होती. हल्ली ती तशीच उभी राहते.

मी जागा आधीच हेरून ठेवली होती. लांबची लेन्स, गुडघ्यावर बसून, मागे नदी, ऊन डाव्या बाजूने. आजी नावेत शिरण्याआधी मला दिसल्या तेव्हा उजवा गुडघा चोळत होत्या.

“गुडघा दुखतोय?” मी खुणेने विचारलं.

“दाइजोबु,” त्या म्हणाल्या. सगळं ठीक आहे. त्यांच्या दहा शब्दांपैकी हा एक.

दोन वाजले, ढोल सुरू झाला आणि आजी निघाल्या. खरं सांगतो, तोपर्यंत हा सगळा प्रकार मला जरा गमतीचाच वाटत होता. पण ती नाव सरकली. टोमॅटोच्या काठ्या, कोंबलेला पायजमा, बायकोची साडी, सगळं कुठल्या कुठे गेलं. एक बाई पाण्यावरून जात होती. वरचा भाग जराही खालीवर होत नव्हता. मी फोटो काढत सुटलो.

मग नाव थांबली. उजवीकडे कलली. जावयांनी वल्हं फेकलं, गुडघ्यांवर कोसळले आणि असा काही टाहो फोडला की पुढे बसलेलं एक तान्हं बाळही रडायला लागलं. आता एवढंच करायचं होतं, की मी बटण दाबायचं.

लांबच्या लेन्समधून माणसाचा चेहरा फार जवळ येतो. आजींचा चेहरा माझ्या डोळ्यासमोर होता आणि तो वेदनेने पिळवटला होता. ओठ आवळलेले, डोळे मिटलेले, कपाळावर घाम. त्यांनी एक झोका घेतला, नाव उठली आणि पुन्हा खाली गेली. मला तो चोळलेला गुडघा आठवला. हा खेळ आहे हे मला तीन वेळा सांगितलेलं होतं. पण जावई मातीचे अभ्यासक आहेत, नट नाहीत, आणि ते खरंखुरं रडत होते. मला वाटलं, यांनाही कळलं आहे. गुडघा गेला. आणि हे सगळे बसून टाळ्या वाजवत आहेत.

“अहो, आजी पडतायत,” असं मराठीत ओरडत मी धावलो. कॅमेरा गळ्यात आपटत होता. मी नावेचं पुढचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि जीव खाऊन ओढलं.

लोकांना तो खेळाचाच भाग वाटला. एवढा मोठा हशा मी माझ्या आयुष्यात कधी मिळवलेला नाही. काठी कडकन मोडली. मी साडीच्या काठावर उभा होतो हे मला माहीत नव्हतं. नाव पुढे आली आणि साडी तिथेच राहिली. टाके उसवत गेले आणि पाण्याखालून आजींचे नातीला शाळेत सोडायला जाताना घालायचे पांढरे बूट उघडे पडले.

आजींनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर वेदनेचा मागमूस नव्हता, फक्त आश्चर्य होतं. मग त्यांनी मोडकी बाजू एका हाताने सावरली, कमरेला एक हिसडा दिला, माझ्या हातातून नाव सोडवून घेतली आणि उरलेली फेरी पांढऱ्या बुटांवर पूर्ण केली. ढोल तीनला एक मिनिट कमी असताना थांबला.

“तू माझ्या साडीवर उभा होतास,” बायको म्हणाली.

मुलीने तोंडावर ओढणीसारखा मफलर ओढून घेतला होता. “हाझुकाशी,” ती मफलरच्या आतून पुटपुटली. लाज वाटते, असा त्याचा अर्थ, आणि तो कुणाबद्दल आहे हे विचारायची गरज नव्हती.

घरी येऊन मी फोटो बघितले. नाव येताना, नाव वळताना, नाव जाताना. रुतलेली नाव एकाही फोटोत नव्हती, कारण त्या वेळी मी नाव ओढत होतो.

यानंतर मी जे केलं ते लिहायला मला जड जातं. सोमवारी सहकारीने विचारलं, फोटो कसे आले. मी म्हणालो, “उजेड बरोबर नव्हता. पुन्हा एकदा काढावे लागतील.”

“शनिवारी?” ती म्हणाली. शनिवारी आभाळात ढगाचा एक ठिपका नव्हता.

“उजेड जास्त होता,” मी म्हणालो.

म्हणजे हात मी लावला, फोटो मी घालवला, आणि भरपाई म्हणून दुखऱ्या गुडघ्याच्या बाईला पुन्हा पळायला लावलं. पुढच्या शनिवारी इमारतीमागच्या बागेत आम्ही सगळे जमलो. काठीला चिकटपट्टी लावली होती, साडी पुन्हा शिवली होती. ढोल नव्हता म्हणून सहकारी तोंडाने ताल देत होती, तोही हळू आवाजात, कारण बागेच्या फाटकावरही आवाजाबद्दलची पाटी आहे. आजी पळाल्या, रुतल्या, जावई रडले. मी जमिनीला खिळल्यासारखा बसून राहिलो आणि फोटो काढला.

फोटो अप्रतिम आला. नाव उजवीकडे कललेली, झालर जमिनीला टेकलेली, नावाडी चार हात लांब. फक्त मागे लहान मुलांची घसरगुंडी होती, हत्तीच्या आकाराची, गुलाबी.

रविवारी सकाळी मी संगणकावर हत्ती पुसायला बसलो. हत्ती सहज जातो, सोंड जात नाही. सोंड नेमकी जावयांच्या वल्ह्याच्या मागून जात होती. मी सोंड पुसली की वल्हं तुटायचं, वल्हं जोडलं की सोंड परत यायची. तास दोन तास हे चाललं असेल. मागे मुलगी येऊन उभी राहिली होती.

“नानि शितेरु नो?” तिने विचारलं. काय करतोयस.

“हत्ती काढतोय.”

“का?”

“म्हणजे हा फोटो नदीकाठचा वाटेल. पंधराव्या दिवसाचा.”

तिने वाकून पडद्यावरची अर्धी सोंड बघितली. मग चक्क मराठीत म्हणाली, “बाबा, पण खरा माझ्याकडे आहे की.” आणि तिने फोन पुढे केला. दहा पावलं लांब उभी राहून तिने सगळं टिपलं होतं. लाजेने मेली होती, पण फोन हलू दिला नव्हता. फोटोत आजींची नाव रुतलेली होती, उजवीकडे कललेली, मागे नदी. नावेला दोन्ही हातांनी लोंबकळणारा मी होतो, पाठमोरा आणि वाकलेला. लाल काठावर माझे दोन्ही पाय होते आणि झालरीखाली पांढरे बूट. नंतरच्या फेरीचा व्हिडिओही होता.

मी तो फोन घेऊन पाचव्या मजल्यावर गेलो. जिन्याने गेलो, लिफ्टमध्ये कागद होता म्हणून.

आजी, सहकारी आणि जावई जेवायला बसत होते. मी बसायला नकार दिला, कारण माफी मागायला आलेल्या माणसाने बसू नये. मग जे होतं ते सांगितलं. रुतलेल्या नावेचा फोटो निघालाच नव्हता, उजेड चांगला होता, मी खोटं बोललो. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी एकदा सुरू झालो की मला थांबता येत नाही.

“आणि लिफ्टमधली नोटीसही माझ्यामुळे लागली,” मी म्हणालो. “तक्रार मी केली होती. नाव न घालता.”

सहकारीने हातातल्या काड्या खाली ठेवल्या. “हेही सांगू आईला?” तिने विचारलं. तिचा आवाज ऑफिसमधला होता.

“सांगा.”

तिने सांगितलं. आजींनी माझ्याकडे रोखून बघितलं आणि एक प्रश्न विचारला.

“आई विचारते, काय ऐकू यायचं?”

“पावलं. तुरुतुरु. रोज अकराला.”

“आणि नोटिशीनंतर?”

“नंतर काहीच नाही.”

“काहीच नाही?” आजींनी पुन्हा विचारायला लावलं. “एकदाही नाही? मी रोज करत होते. मोजे घातले तरी सुरुवातीला आवाज यायचा. शेवटच्या आठवड्यात गादी काढून टाकली होती, नुसत्या लाकडी जमिनीवर करत होते.”

“खरंच नाही. मला वाटलं तुम्ही सोडूनच दिलं.”

आजी जावयांकडे वळल्या आणि हे त्यांनी दोनदा ऐकवलं. मग त्यांनी एका वाटीत स्वतः एक डंपलिंग वाढून माझ्या हातात दिलं. बटाट्याचं होतं, मी शाकाहारी म्हणून वेगळं केलेलं असावं. म्हणजे मी येणार हे त्यांना माहीत होतं.

“आई म्हणते, नावेखालची पावलं ऐकू आली तर ती नाव कसली. तिच्या सासूने तिला हे तीस वर्षं सांगितलं. तुमच्या तक्रारीमुळे एका महिन्यात जमलं.”

“पण काल बागेत यांनी पुन्हा का चालवली?” मी विचारलं. “गुडघा दुखत असताना?”

“गुडघा नेहमीच दुखतो. तुमचं तोंड बघून चालवली. इंदो-सानना काहीतरी फार हवंय असं तिला वाटलं.”

बागेतला फोटो मी दाखवला. सोंड अर्धी पुसलेली होती. आजींनी तो मन लावून बघितला, फार छान म्हणाल्या आणि बाजूला ठेवला. पंधरावा दिवस उलटून गेल्यावर चालवली ती नाव नव्हे, नुसतं कापड, असं त्यांचं म्हणणं पडलं. तो त्या स्वतःच्या घरात लावणार होत्या. मंडळाला मुलीच्या फोनमधला जाणार होता.

जावई पहिल्यांदाच बोलले. “पण त्यात यांनी हात लावलेला दिसतोय. बूटही दिसतायत. नाव जाईल.”

“लावलाच आहे ना हात?” आजी म्हणाल्या आणि त्यांनी फोटो पाठवून दिला. सोबत व्हिडिओही. माझ्यादेखत, एका बोटाने.

पुढचे तीन दिवस मंडळाकडून उत्तर आलं नाही. मंडळाची बैठक बसली होती. मी ऑफिसमध्ये चुका करत होतो, पण त्यांची माफी मागायलासुद्धा विसरत होतो. एका म्हाताऱ्या बाईची नाव घालवली, ही जन्मभर पुरेल एवढी शिदोरी होती.

बुधवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात सहकारी आणि तिच्या मागे आजी. सहकारी आत येण्याआधीच बोलायला लागली.

“बैठकीत फार वाद झाला. दोन म्हातारे म्हणाले, नाव ओढली गेली, नियम तो नियम. पण मग कुणाला तरी जुनी गोष्ट आठवली. पूर्वी एकदा, आईच्या सासूच्या वेळी, एक कुत्रा मैदानात शिरला होता आणि झालर दातांत धरून त्याने नाव ओढली होती. तेव्हा असं ठरलं होतं, की कुत्र्याला नियम माहीत नसतो, म्हणून त्याने ओढलेलं धरायचं नाही. तो निर्णय दप्तरात सापडला.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे तुम्ही नाव ओढलीत, पण तुम्हाला नियम माहीत नसतो असं मंडळाने मानलं. त्यामुळे तुमचं धरलेलं नाही. नावेवर तुमचा परिणाम शून्य. फेरी आईने स्वतः पूर्ण केली, ती धरली. नाव आईची.”

“पण मला नियम माहीत होता,” मी म्हणालो. “तीन वेळा सांगितला होता. खरं तर मंडळाला कळवायला हवं, की…”

“अरे, गप बस,” बायको आतून म्हणाली. ती हात पुसत बाहेर आली. “तुला कच्चा लिंबू केलंय त्यांनी. कच्चाच राहा.”

सहकारीने विचारलं, हे काय आहे. बायकोने आपल्या मोडक्या जपानीत समजावून सांगितलं, की लहान मुलांच्या खेळात एखाद्या अगदी लिंबूटिंबूला घेतात, तो पळतो, ओरडतो, पकडला जातो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. सहकारीने ते आजींना सांगितलं. आजींनी माझ्याकडे बघत तीन-चार वेळा जोरात मान हलवली. बरोबर, तेच.

एकावन्न वर्षांचा होऊन मी कच्चा लिंबू झालो होतो. तोही लेखी निर्णयाने, आणि कुत्र्याच्या पाठोपाठ. त्या रात्री मला चांगली झोप लागली. सकाळी उठून मी इमारतीच्या कार्यालयात गेलो आणि तक्रार मागे घेण्याचा फॉर्म आहे का विचारलं. तसा फॉर्म नव्हता. तिथल्या बाईंनी माझी माफी मागितली.

आजी मार्चमध्ये गेल्या. काठ्या इथेच कचऱ्याच्या दिवशी, नियमाप्रमाणे पन्नास सेंटिमीटरचे तुकडे करून टाकल्या. साडी मात्र त्यांनी नेली. बायकोने त्यांना ती घडी घालून दिली होती.

पुढच्या वर्षीच्या माघी पौर्णिमेनंतर सहकारीने फोनवर ती भिंत दाखवली. शेवटची चौकट कोरी करकरीत होती. गावचं मैदान, बर्फ, उजवीकडे कललेली नाव, निळी झालर, लाल काठ जमिनीला टेकलेला. त्याच्या आधीच्या चौकटीत नदी होती आणि माझी पाठ. चौकटीखाली एक पट्टी होती, तिच्यावर काहीतरी लिहिलेलं होतं. ते काय आहे असं मी विचारलं.

“वर्ष, आईचं नाव, नावाड्याचं नाव,” तिने वाचून दाखवलं.

“माझं?”

“तुमचं कसं असेल?” ती म्हणाली. “तुम्ही नव्हतातच.”

त्या भिंतीचा फोटो मी घरी आणून बायकोला दाखवला. तिने दोन बोटांनी तो मोठा केला, माझ्यावरून सरकवत थेट शेवटच्या चौकटीतल्या लाल काठावर नेला आणि गेल्या वर्षी माझे दोन्ही पाय जिथे होते तिथे थांबली.

“काठ जरासा फाटला होता,” ती म्हणाली. “रफू छान केलंय त्यांनी.”